दुसरा माणूस कुठंय?

नाना, उद्या मानवतच्या मोंढ्यात, धान्याच्या त्याच बाजारात, तुमची शोकसभा आहे, आणि शोकप्रस्ताव लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं आहे. "आमदारसाहेबांचे सगळे अर्ज तुझ्या हातचे, मग हेही तूच लिही," असं म्हणून मंडळींनी मुद्द्यांची यादी आणि चार कोरे ताव माझ्यापुढे ठेवले. तुम्ही जाऊन आज अकरा दिवस झाले. अंत्ययात्रेत मी होतो, पण पार मागे. खांदा द्यायला पुढे आलो नाही. त्याचं कारण तुम्हाला ठाऊक होतं, आणि आता फक्त माझ्या मायला ठाऊक आहे.

सकाळी प्रस्ताव लिहून काढला. आमच्या भागाचं भूषण, गोरगरिबांचा आधार, रस्ते, शाळेच्या खोल्या, दीनदलितांचे कैवारी. शब्दांना काय तोटा! परभणीच्या कचेरीबाहेर पत्र्याखाली बसून इतकी वर्षं लोकांचे अर्ज लिहिलेत. 'मेहेरबान साहेबांचे सेवेशी' लिहिलं की पुढचा हात आपोआप चालतो. लिहून झाल्यावर मायला वाचून दाखवलं. ती अंगणात ज्वारी पाखडत होती. सूप खाली ठेवून तिने सगळं ऐकलं आणि म्हणाली, "ह्ये कोनाचं लिव्हलास?"

"नानांचं."

"मला तर वळखू यीना," ती म्हणाली आणि पुन्हा पाखडायला लागली.

मग मी तोच कागद एकट्याने वाचला आणि तुमचा आवाज कानाशी आला. तो चष्मा, ज्याच्या एका काडीच्या जागी दोरा होता, तो नाकावर खाली घेऊन तुम्ही म्हणताय, "मुन्शी, ह्ये झालं एका बाजूचं. दुसरा मानूस कुठंय?" तिथे माझं लिहिणं थांबलं. प्रस्ताव बाजूला ठेवलाय आणि आधी हे तुम्हाला लिहितोय. उद्या सभेत काय वाचायचं ते हे लिहून झाल्यावर ठरेल.

तुमचा तो प्रश्न साऱ्या पंचक्रोशीला पाठ होता. बाजाराच्या दिवशी मोंढ्यातल्या आडतीच्या ओट्यावर तुम्ही गोणपाट टाकून बसायचात. खुर्ची कधी घेतली नाहीत. गाऱ्हाणं घेऊन कुणी आलं की आधी पाणी, मग चिमूटभर बडीशेप, आणि मग तोच एक प्रश्न. रस्ता पाहिजे? ज्याच्या शेतातून जाणार त्याला घेऊन या. मास्तरची बदली पाहिजे? मास्तरला घेऊन या. तुमच्या मागण्याने ज्याचं काही जातं, तो माणूस तुमच्या शेजारी गोणपाटावर बसल्याशिवाय अर्जावर नानांचं दस्तखत नाही. दोघांनी आपापलं म्हणणं मांडायचं, मी दोन्हीकडचं लिहून घ्यायचं, आणि खाली दोघांच्या सह्या किंवा अंगठे. तसले अर्ज तुम्ही मुंबईला घेऊन जायचात आणि पाठपुरावा करकरून कामं आणायचात. दुसरे आमदार चिठ्ठ्या वाटायचे. तुम्ही भांडणं लावून देता, असं तुमचेच कार्यकर्ते कुरकुरायचे.

हे खूळ तुमच्या डोक्यात कुठून आलं ते मी तुम्हाला पहिल्याच महिन्यात विचारलं होतं. तुम्ही हसला नाहीत. म्हणालात, "निजामाच्या काळात माझ्या बापाचा बांध एकतर्फी फैसल्यात गेला, मुन्शी. बाप कचेरीच्या दारात उभा व्हता. त्याला कुनी आत बलिवलंच न्हाई." त्यानंतर मी त्या प्रश्नाची चेष्टा करणं सोडलं.

पण गंमतही कमी झाली नाही. एकदा एक जण गावच्या बसथांब्याचा अर्ज घेऊन आला आणि विरोधातला म्हणून एका गड्याला बरोबर घेऊन आला. तो गडी प्रत्येक गोष्टीला दोन वाक्यं आडवं बोलायचा आणि तिसऱ्याला कबूल व्हायचा. तुम्ही शांतपणे ऐकलंत. मग म्हणालात, "ऊन झालं, आधी भाकरी खाऊन घेऊ." दोघांनी मिळून एकच फडकं सोडलं. भाकरी एकाच हातची, ठेचा एकाच वाटीत. "मेव्हना हाय का साडू?" तुम्ही विचारलंत. मेव्हणा निघाला. सगळा ओटा हसला, तोही हसला, आणि पुढच्या बाजाराला खराखुरा दुसरा माणूस घेऊन आला. जुन्या थांब्याजवळ ज्याचं चहाचं हॉटेल होतं तो. पोखर्णीच्या वाटेवर आज तो थांबा जिथे आहे तिथे चहाचं हॉटेलही आहे, कारण तुम्ही दोन्ही एकाच अर्जात घातलंत.

येलदरीचे मासे धरणारे भोई आले तेव्हा मी तुम्हाला अडवलं होतं. म्हटलं, धरण आपल्या मतदारसंघात नाही, आपला काय संबंध? "पूर्नेचं पानी कुठं मतदारसंघ इचारतंय?" असं म्हणून तुम्ही दुसऱ्या दिवशी एसटीने येलदरी गाठलीत, आणि त्यांच्या ठेकेदाराला गोड बोलून ओट्यावर आणलंत. त्या भांडणाचा निकाल लागायला वर्ष गेलं. पण भोयांनी आणलेला मासा तुम्ही माळकरी म्हणून घेतला नाहीत, आणि माझ्या घरी पोचवायला सांगितलात.

मी तुमच्याकडे कसा आलो हे उद्या कुणी विचारणार नाही, पण माझ्या लेखी तेच सगळ्यांत मोठं आहे. मी बौद्धवाड्यातला, मॅट्रिक होऊन कचेरीबाहेर बसलेला. जुने अर्जनवीस उर्दूतले. मी मराठीतला, नवखा, आणि गिऱ्हाईकं माझं आडनाव ऐकून शेजारच्याकडे सरकायची. तुम्ही एकदा माझ्याकडून एक कागद लिहून घेतलात, वाचलात आणि म्हणालात, "माझं अक्षर मुंगीनं शाईत पाय बुडवून चालल्यावानी हाय. तुमी बाजाराच्या दिवशी माझ्याकडं येत्याल का?" 'तुमी' म्हणालात. बावीस वर्षांच्या पोराला. ओट्यावर आल्यावर मी कडेला उकिडवा बसलो, तर तुम्ही गोणपाट माझ्याकडे ओढलंत. आडतदाराच्या कपाळाला आठी पडली. तुम्ही तिच्याकडे पाहिलंही नाहीत. त्या गोणपाटावर मी पाच वर्षं बसलो, नाना. तिथेच 'तुमी'चा 'तू' झाला आणि मी 'मुन्शी' झालो.

तुम्ही अधिवेशनाला मुंबईला गेलात की पोस्टकार्डं यायची. मजकूर असा की पोस्टमनलाही पाठ व्हावा. "अमक्या गावच्या पंपाचे वायसर बदलले का? – नाना." ख्यालीखुशाली नाही, आशीर्वाद नाही. आमदार निवासात बसून तुम्हाला हातपंपाच्या चामड्याच्या चकतीची काळजी. मी माघारी लिहायचो, "बदलले." की पुढच्या गावचं कार्ड यायचं.

आणि मग दुष्काळाचं दुसरं साल आलं.

त्या साली विहिरी तळाला गेल्या. आमच्या गावात एकच विहीर जिवंत राहिली, ती गावातली. आमच्या वाड्यातल्या बाया कळश्या घेऊन विहिरीपासून दहा हात लांब बसायच्या, आणि कुणाला दया आली की वरून त्यांच्या कळशीत ओतलं जायचं. माझी माय दिवसभर खडी फोडून यायची आणि मग तिथे जाऊन बसायची. सरकारची बोरची गाडी तालुक्यात आली होती, आणि गावाला एक बोर मिळणार होता. मी अर्ज लिहिला की तो बोर बौद्धवाड्यात घ्यावा. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःसाठी लिहिलेला अर्ज. शाई सुकायच्या आत तुमच्यापुढे धरला.

तुम्ही वाचलात. चष्मा खाली घेतलात. आणि मला, मलाच, विचारलंत, "दुसरा मानूस कुठंय?"

मला आधी थट्टा वाटली. मग तुमचा चेहरा पाहिला. "माणिकराव पाटलाला आन," तुम्ही म्हणालात. "गावाचा बोर तुमच्या वाड्यात न्यायचा तर गावाचं म्हननं ऐकावं लागंल."

"नाना, जो गावच्या विहिरीवर आमाला चढू देत नाही, त्यालाच हाताला धरून आणू? पाणी मागायला त्याची परवानगी?"

"परवानगी न्हाई म्हनलं मी. म्हननं म्हनलं. आज तुझ्यासाठी नियम मोडला की उद्या समद्यांसाठी मोडावा लागंल. जे दोघायच्या सहीनं हुतं तेच टिकतं, मुन्शी."

मी अर्ज घडी करून खिशात घातला आणि घरी येऊन मायला सांगितलं की नाना सही करत नाहीत. सांगायला नको होतं. तिने माझ्यासारखा विचार केला नाही. तिला पाणी पाहिजे होतं.

पुढच्या बाजाराला मी ओट्यावर कुणाचा तरी फेरफाराचा अर्ज लिहीत होतो. मान वर केली तर गावाच्या वाटेने पाटलाची बैलगाडी येताना दिसली. आणि गाडीमागे, धुळीत, डोक्यावर पदर धरून चालत येणारी माझी माय. दीड कोस. ती आदल्या दिवशी पाटलाच्या ओट्याखाली उभी राहून म्हणाली होती, "पाटील, बाजाराला चलता का? तुमच्याबिगर आमच्या पान्याला दस्तखत हुईना."

तुम्हाला ती धूळ दिसली का, नाना? हे मी तुम्हाला कधी विचारलं नाही. तुम्ही खुशीत होतात. उठून उभे राहिलात, पाटलाला या म्हणालात, मायला या म्हणालात, आणि दोघांना एकाच गोणपाटावर बसवलंत. पाटील घुटमळले. तुम्ही स्वतः आधी बसलात, मधोमध, म्हणून त्यांना बसावं लागलं. आमच्या गावात असं कधी घडलं नव्हतं. एवढं मी तेव्हाही मान्य केलं असतं, कुणी विचारलं असतं तर.

पाटील म्हणाले, "आमचं कायबी आडमुठेपन न्हाई, नाना. गाव एक हाय. बोर वेशीत घ्या. त्यायलाबी जवळ, आमालाबी जवळ."

तुमचा चेहरा उजळला. तुम्ही मायकडे वळलात. "गयाबाई, तुमचं काय म्हननं?"

मायने तुमच्याकडे पाहिलं नाही. माझ्याकडेही नाही. गोणपाटाच्या सुतळीशी चाळा करत म्हणाली, "पाटील म्हनतेत तसं."

"बघ मुन्शी, निघाला का न्हाई मार्ग? लिही."

"ती दुसरं काय म्हणणार होती?" मी म्हणालो. "हिला संध्याकाळी त्याच गावात परत जायचंय. त्यांच्याच शेतावर खुरपायला जायचंय. तिने इथे बसून त्यांच्या तोंडावर नाही म्हणायचं?"

"तिच्या तोंडानं तू बोलू नको," तुम्ही म्हणालात. पहिल्यांदाच माझ्यावर आवाज चढवलात. "ती काय मुकी हाय?"

"मग हा अर्ज तुम्हीच लिहा." मी टाक गोणपाटावर ठेवला आणि ओटा उतरलो. मागून तुम्ही दोनदा हाक मारलीत. वळून पाहिलं ते एकदाच, पार मोंढ्याच्या फाटकाशी गेल्यावर. पाटील गाडीत चढत होते. माय मागे पायी निघाली होती.

तुमच्या गोणपाटावर दोघं शेजारी बसले होते खरे. पण येताना एक गाडीत होता आणि एक पायी, आणि जातानाही तसंच. हे मी तुम्हाला लिहून पाठवायचं ठरवलं होतं. पाठवलं नाही.

बोर वेशीत झाला. पाणीही गोड लागलं. पंधरा दिवसांत पंपावर दोन रांगा झाल्या, एक गावाची आणि एक आमची. गावाची संपली की आमची सुरू. आमच्यातल्या एखादीने मधेच भरलं, तर पुढची गावातली बाई पंपाच्या दांड्यावर तांब्याभर पाणी ओतायची, दांडा हाताने घासायची आणि मग भरायची. रागाने नाही. कुणी शिवीगाळ करायचं नाही. जशी सकाळी उठून चूळ भरायची, तसं. दोघांच्या सहीने झालं होतं ना, म्हणून टिकलं.

तुमची पोस्टकार्डं येत राहिली. "वेशीतल्या पंपाचे वायसर कसे आहे? – नाना." मी उत्तर दिलं नाही. दुसरं आलं, "ये." एवढंच. तिसरं, "बाजाराला लिहिणारा नाही. ये." चौथ्यात फक्त माझा पत्ता आणि तुमचं नाव होतं, मधे कोरं. ती चारही कार्डं माझ्या पेटीत आहेत. मी कुठे कुठे खोट काढायचो! कोरं कार्ड पाहून म्हणालो होतो, "आमदार आहेत, कार्डं फुकट जातात तर जाऊ देत." पुढे पुढे कार्डंही यायची बंद झाली.

असे दोन उन्हाळे गेले. तिसऱ्या उन्हाळ्यात तुम्ही कुणाला न सांगता आमच्या फाट्यावर एसटीतून उतरलात. मी परभणीला कचेरीवर होतो, त्यामुळे हे सगळं मला मायने आणि शेजारणींनी सांगितलेलं. तुम्ही सरळ आमच्या घरी आलात, म्हणालात, "गयाबाई, एक घागर द्या," आणि घागर घेऊन वेशीत गेलात. आमच्या रांगेत, सगळ्यांत शेवटी उभे राहिलात. बायांना वाटलं नाना फक्त बघायला आलेत. तुम्ही बसलात, उठलात, सरकलात, पण रांग सोडली नाहीत. गावाच्या रांगेतल्या निम्म्या बायांनी तुम्हाला ओळखलं नाही. धोतर मळलेलं, डोक्याला उपरणं. घटकाभराने कुणीतरी पाटलाला सांगितलं. पाटील छत्री घेऊन धावत आले. "नाना, काय चेष्टा लावलीय! चला वर, घरी चला."

"माझा नंबर येयाचाय, पाटील," तुम्ही म्हणालात.

नंबर दुपार टळताना आला. तुम्ही दांडा हापसलात, घागर भरलीत, बाजूला झालात. आणि तुमच्या मागून आलेल्या गावातल्या सुनेने, जिने तुम्हाला ओळखलं नव्हतं, हाताच्या सवयीने तांब्याभर पाणी दांड्यावर ओतलं आणि तो घासला.

पाटील ओरडले. तिची जीभ दातांखाली गेली. आमदाराने धरलेला दांडा तिने धुतला होता! शेजारीण सांगते, तुम्ही त्या पोरीला म्हणालात, "तुझी चूक न्हाई माय. तू रांग बघितलीस." मग घागर खांद्यावर घेतलीत आणि आमच्या घरापर्यंत आणून ठेवलीत. मायने बसा म्हटलं, तर बसला नाहीत.

मला हे संध्याकाळी कळलं आणि मी काय म्हणालो माहीत आहे? "बरं झालं." दोनच शब्द. त्यांची आज मला लाज वाटते, पण आज खोटं लिहून तुमच्यापुढे कसा उभा राहू?

महिन्याभराने कचेरीतला कारकून एक कागद नाचवत माझ्या पत्र्याखाली आला. "हे तुझ्या नानाचं अक्षर. साहेबाला एक ओळ लागत नाही. साफ नक्कल करून दे." शाईत पाय बुडवलेल्या मुंग्या कागदभर फिरल्या होत्या. आमच्या गावच्या बौद्धवाड्यासाठी वेगळ्या बोरचा अर्ज होता. एकाच बाजूचं म्हणणं. खाली एकच सही, तुमची. पाटलाची नाही, गावाची नाही, कुणाची नाही. आयुष्यभर पाळलेला नियम तुम्ही मोडला होतात आणि तो कागद पोचला होता माझ्याच हातात. मी नक्कल केली. इतक्या वळणदार अक्षरात मी दुसरा अर्ज लिहिलेला नाही. आणि तरी तुम्हाला चार ओळींचं कार्ड टाकलं नाही.

गेल्या पावसाळ्यानंतर आमच्या वाड्यात बोर झाला. पाणी लागलं तेव्हा माय पंपापाशी बराच वेळ नुसती उभी होती. दांडा हातात धरून. तिच्यामागे कुणी धुणारं नव्हतं.

आणि आठ दिवसांनी तुम्ही आलात. मी घरात होतो, नाना.

हे उद्या सभेत कुणालाच माहीत नसेल. बाहेर तुमचा खोकला ऐकला आणि मी आतल्या दाराआड झालो. मायने अंगणात घोंगडी टाकली, नव्या बोरचं पाणी तांब्या भरून दिलं. तुम्ही तांब्या तोंडाला लावून घटाघटा प्यालात, आणखी मागून घेतलंत. मग म्हणालात, "गयाबाई, त्या दिवशी पाटलाला कशाला आनलंव तुमी? तुमच्या अर्जाला आडवा तर मीच उभा व्हतो. दुसरा मानूस म्हनून मलाच धरून बसवायचं व्हतं."

माय म्हणाली, "झालं गेलं, नाना."

"न्हाई. मुन्शी तवाच म्हनला व्हता. मी ऐकलं न्हाई." मग आवाज उंच करून, जरा जास्तच उंच, "मुन्शी हाय का घरात?"

माझी माय खोटं बोलत नाही. त्या दिवशी बोलली. "कचेरीला गेलाय."

माझ्या वहाणा उंबऱ्याशी होत्या. फटीतून मला दिसत होतं, तुमची नजर त्यांच्यावर गेली आणि तिथेच राहिली. दोन हातांवर मी उभा होतो. फळी लोटायची, बाहेर यायचं, एवढंच. मी आलो नाही, कारण मला वाटलं, तीन वर्षं मी झुरलो, यांनीही थोडं झुरावं. एक फेरी आणखी मारू द्यावी. पुढल्या खेपेला येईन. तुम्ही कायम येत राहाल अशीच माझी समजूत होती. वायसर बदलले का विचारायला माणूस मुंबईहून कार्ड टाकतो, तो कुठे जाणार आहे?

"बरं," तुम्ही म्हणालात. "आला की सांगा, वायसरकडं ध्यान ठेव म्हनावं." आणि उपरणं झटकून निघालात.

पुढली खेप आली नाही. अकरा दिवसांपूर्वी फाट्यावर एसटीच्या कंडक्टरने सांगितलं की नाना गेले.

मी आता प्रस्तावात काय लिहू? तुमचं चुकलं नव्हतं असं लिहिलं तर ते खोटं आहे. चुकलं होतं, आणि माझ्या मायला त्यासाठी दीड कोस धूळ खावी लागली. पण ज्या माणसाने आपली चूक रांगेत उभं राहून मोजली आणि अंगणात येऊन कबूल केली, त्याला तेवढ्या चुकीवर तोलणं हाही एकतर्फीच फैसला. आणि मोठेपणा तुम्ही दाखवलात, मी नाही. माझ्यावर तुमचे इतके उपकार होते की एक चूक मला पचली नाही. तुम्हाला मी माझं मानलं होतं, म्हणून तर एवढं लागलं. हे तुमच्यासमोर म्हणायला किती दिवस होते माझ्याकडे!

तुम्ही गेल्यावरच्या पहिल्याच बाजाराला माझे पाय ओट्याकडे वळले, तर तिथे दोघं जण येऊन बसले होते, पाणंदीचा वाद घेऊन. तुम्ही गेल्याचं त्यांना ठाऊक होतं. मी म्हटलं, मग कशाला आलात? एक जण म्हणाला, "दोघं मिळून निगालो व्हतो. आता माघारी कसं जावं?" मी दोघांचं लिहून घेतलं. पण आधी त्यांना विचारलं, तुम्ही आलात कसे? दोघंही पायीच आले होते, एकाच वाटेने. मग लिहिलं. एवढी एक भर मी तुमच्या नियमात घातली आहे. तुमची हरकत असेल तर सांगा.

इथवर लिहून हात थांबवला, नवा प्रस्ताव लिहिला आणि दुपारी मायला वाचून दाखवला. भूषण आणि आधार काढून टाकलं आहे. कैवारीही काढलं आहे. थांब्याचं आणि भोयांचं ठेवलं आहे. शेवटी बोरचं लिहिलं आहे, दोन्ही बोरचं, आणि दाराआडचंही. उद्या ते वाचल्यावर मंडळी काय म्हणतील ते म्हणोत. सभेत एक तरी दुसरा माणूस पाहिजे, नाहीतर तुमचं दस्तखत मिळणार नाही. मायने शेवटपर्यंत ऐकलं. म्हणाली, "आता वळखू आले." मग म्हणाली, "सभेला पानी कोन ठिवनार हाय?"

"असेल कुणीतरी."

"आपल्या बोरचं नेऊ. कळशीभर."

"लोक पिणार नाहीत, माय. भरल्या मोंढ्यात तमाशा होईल."

"नाना प्याले. बाकीच्यायचं बाकीच्यायनी बगावं."

तिने कळशी चिंचेने घासून उंबऱ्याशी पालथी घातली आहे. उद्या पहाटे भरायची आणि त्याच वाटेने, त्याच दीड कोसाने न्यायची. माय आता थकली आहे, तिला मी एसटीने पाठवणार आहे. कळशी तुमच्या ओट्यावर, गोणपाटाच्या शेजारी ठेवू. कुणी पिईल, कुणी नाही. पहिला तांब्या मी पिईन आणि मग वाचायला उभा राहीन.

त्या दिवशी तुम्ही प्यालात तेव्हा मी दाराआड होतो, नाना. अकरा दिवसांपूर्वी खांदा द्यायलाही पुढे आलो नाही. उद्या कळशी माझ्या खांद्यावर असेल.